रफिंग, फिनिशिंग आणि मधला पाव मिलिमीटर

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाले आणि आता दिवसभर रील बघतात. परवा जिन्यात मला अडवून त्यांनी एक दाखवलं. ॲल्युमिनिअमचा ठोकळा, त्यावर पांढऱ्या कूलंटचा, म्हणजे कटर गार ठेवणाऱ्या पाण्याचा, फवारा, कटर लोण्यातून फिरावा तसा फिरतोय आणि चंदेरी बुरादा चहूकडे उडतोय. बघता बघता मधोमध मोठा खड्डा. मग मशीनने कटर बदलला, आणि दुसरा बारीक कटर त्याच खड्ड्याच्या भिंतीवरून सावकाश, जवळजवळ काहीच न कापता फिरायला लागला.

"काय रे, कापून तर झालं की! आता परत तेच गिरवत का बसलंय? तुम्ही लोक ताशी पैसे लावता म्हणून ना?"

शेवटचा प्रश्न बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा होता, आणि खोटाही नव्हता. ताशीच पैसे लावतो आम्ही मशीनवाले. पण ते दुसरं गिरवणं कशासाठी, हे जिन्यात उभ्या उभ्या सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मशीन काय करतं ते

मिलिंग म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, टेबलावर घट्ट बांधायचा आणि गरगर फिरणाऱ्या कटरने त्याचा नको असलेला भाग काढून टाकायचा. सीएनसी म्हणजे टेबल आणि कटर कुठून कुठे, किती वेगाने जाणार हे माणसाने चाकं फिरवून न ठरवता आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमने ठरवायचं. भोसरी, चाकण, वाळूजच्या शेडमध्ये ज्याला 'व्हीएमसी' (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर) म्हणतात ते हेच, फक्त कटर उभा असलेलं.

कटर जॉबवरून एकदा फिरला की ती एक फेरी, म्हणजे 'पास'. जास्तीत जास्त धातू पटापट काढणाऱ्या फेऱ्या म्हणजे रफिंग. उरलेला पातळ थर काढून मापाला आणणाऱ्या फेऱ्या म्हणजे फिनिशिंग. आणि पुढे वारंवार येणारा 'मायक्रॉन' म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जुन्या घराची भिंत आठवा. गवंडी आधी थापीने जाड गिलावा फेकून मारतो, ओळंब्यात आणतो आणि मग त्यावर नीरूचा हात फिरवतो. नीरूने भिंत गुळगुळीत होते, पण गिलावाच वाकडा असेल तर नीरू ती सरळ करू शकत नाही. हा दाखला पुढे लागेल. फरक इतकाच की गवंडी थर चढवतो आणि आम्ही उतरवतो.

एकदाच, पण हळू आणि नीट का नाही कापत?

काकांचा पहिला आक्षेप हाच असणार. आकडे घेऊन बघू.

समजा 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची वीट आहे. वजन 2.7 किलो. तिच्यात 180 बाय 80 चा, 40 मिलिमीटर खोल खड्डा करायचाय. म्हणजे 576 घन सेंटिमीटर धातू बाहेर. दीड किलोहून जास्त बुरादा आणि हातात उरणारा जॉब जेमतेम सव्वा किलोच्या आतला. (विमानाच्या ॲल्युमिनिअमच्या काही भागांत तर नव्वद टक्क्यांहून जास्त धातूचा बुरादाच होतो. किलोने विकत घेतलेला माल ग्रॅमने उडतो.)

हा खड्डा 16 मिलिमीटरच्या कटरने, मिनिटाला 6000 फेरे, एका वेळी 8 मिलिमीटर खोल आणि 8 मिलिमीटर रुंद घास घेत, मिनिटाला 2 मीटर वेगाने कापला तर मिनिटाला 128 घन सेंटिमीटर धातू निघतो. म्हणजे साडेचार मिनिटांत काम संपलं. आता भिंतींना आणि तळाला पाव मिलिमीटर ठेवून हे सगळं केलं, तर फिनिशिंगसाठी उरतो किती? नऊ घन सेंटिमीटरच्याही आत. एकूण धातूच्या दीड टक्का.

आता उलटं करा. फिनिशिंगच्या नाजूक चालीने सगळाच खड्डा कापायचा ठरवा. घास पाव मिलिमीटरचा झाला की साडेचार मिनिटांचे तास होतात. शिवाय तेवढा वेळ धातूत घासून बारीक कटरची धार शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेस्तोवर बसलेली असते. म्हणजे ज्या पृष्ठभागासाठी एवढं हळू गेलात, तोच बोथट धारेने कापला जातो. म्हणून रफिंगचा कटर वेगळा आणि फिनिशिंगचा वेगळा. रफिंगचा कटर बघितलात तर त्याच्या दातांना मक्याच्या कणसासारखे खाचखळगे असतात, बुरादा तुकड्यातुकड्यांत तुटावा म्हणून. फिनिशिंगच्या कटरची धार सलग असते. रात्रपाळीला कोणी फिनिशिंगचा कटर रफिंगला लावला, की सकाळी शेडमध्ये जी भाषा ऐकू येते ती इथे छापता येणार नाही.

कॉम्प्युटरवर चालतं ना, मग चुकतं कसं?

वेळेचा हिशोब सगळ्यांना पटतो. खरी गंमत मात्र इथे आहे, आणि धंद्यातल्याही पुष्कळांच्या डोक्यात ती नीट बसलेली नसते.

मशीनला एवढंच ठाऊक असतं की स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरवणारा दंड, कुठे आहे. कटरचं खालचं टोक कुठे आहे हे त्याला कळत नाही. आणि कटर वाकतो. पोलादाहून कितीतरी ताठ कार्बाइडचा कटरसुद्धा वाकतो.

दिवाळीला छत रंगवताना कुंचा लांब बांबूला बांधला की काय होतं? हात सरळ रेषेत जातो, पण कुंच्याचं टोक मागे रेंगाळतं, दाब दिला की बाजूला सरतं. कटरचं तेच. एका टोकाला पकडलेली कुठलीही कांडी बाजूने ढकलली, तर ती किती वाकेल याचा नियम फार निर्दय आहे. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की वाक आठपट. जाडी निम्मी केली की वाक सोळापट. आपल्या खड्ड्याचा 16 चा कटर काढून तेवढाच लांब 8 चा लावला, तर त्याच जोराला तो सोळापट वाकतो.

रफिंगमध्ये जोर मोठा, म्हणून वाकही मोठा. टोक भिंतीपासून लांब ढकललं जातं, वरचा भाग स्पिंडलजवळ असल्याने कमी ढकलला जातो. मग खड्डा वर 80.00 मिलिमीटर आणि तळाशी 79.92, असं व्हायला वेळ लागत नाही. भिंत खाली पाय पसरून उभी. स्क्रीनवर मात्र 80.000 झळकत असतं. नवख्या ऑपरेटरचा स्क्रीनवर विश्वास असतो, जुन्याचा बोअर गेजवर, म्हणजे आतली रुंदी मोजायच्या हत्यारावर.

फिनिशिंगच्या फेरीत घास इतका लहान असतो की कटरवर जोरच कमी येतो, वाक नगण्य होतो आणि कटर जिथे आहे असं मशीनला वाटतं, तिथे तो जवळपास असतो. आता काकांचं 'परत तेच गिरवणं' काय होतं ते लक्षात येईल. रफिंगमध्ये धातू काढला जातो, आणि फिनिशिंगमध्ये रफिंगची चूक काढली जाते. चकाकी त्याच्यासोबत आपोआप येते.

कधी कधी तर माप न बदलता तीच फेरी अक्षरशः परत मारतात. तिला 'स्प्रिंग पास' म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं मशीन हवेत फिरतंय. पण कान देऊन ऐका, बारीक सर्र असा आवाज येतो. पहिल्या वेळी वाकून मागे राहिलेले काही मायक्रॉन तेवढ्यात निघतात.

मग पाव मिलिमीटरच का? अजून कमी ठेवा की

बोथट सुरीने पिकलेला टोमॅटो कापून बघा. सुरी दाबली तर साल आत दबते, सुरी घसरते, आणि एकदम कधीतरी फचकन आत जाते. कटरच्या धारेचंही तसंच असतं. धार कितीही तीक्ष्ण दिसली तरी भिंगाखाली ती गोलसर असते, काही मायक्रॉनची गोलाई. तिच्यासमोर फार पातळ थर ठेवला तर ती त्याला कापत नाही, दाबत घासत जाते. घासलं की ताप, ताप वाढला की धार जाते, आणि भिंतीवर चिरफाडल्यासारख्या खुणा उठतात. रफिंगच्या खुणांच्या दऱ्या आणि वाकाची चूक दोन्ही त्या थरात मावली पाहिजेत, हेही आहेच. नाहीतर फिनिशिंग झाल्यावरही खालचे ओरखडे डोकं वर काढतात.

आणि फार जास्त ठेवला तर? मग फिनिशिंगचा कटरच वाकायला लागतो, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत.

म्हणून ॲल्युमिनिअम-पोलादाच्या मध्यम आकाराच्या जॉबला भिंतीवर दोन-तीन दशांश मिलिमीटर ठेवायची शेडमधली पद्धत आहे. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. लांब कटर, पातळ भिंत, चिवट धातू असेल तसा बदलतो. मधे 'सेमी-फिनिश' नावाची तिसरी फेरीही घालतात.

पण माझ्या मते, किती ठेवला यापेक्षा तो सगळीकडे सारखा ठेवला का, हे जास्त महत्त्वाचं. आपल्या खड्ड्याचे कोपरे घ्या. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याची गोलाई 5 मिलिमीटर आहे. आपण रफिंग 16 च्या कटरने केलं, त्याची त्रिज्या 8. तो कोपऱ्यात 5 च्या गोलाईपर्यंत शिरूच शकत नाही. भिंतीवर पाव मिलिमीटर ठेवला तेव्हा कोपऱ्यात तिरपं मोजलं तर दीड मिलिमीटरहून जास्त धातू उरतो. सहापट! आता 8 चा फिनिशिंग कटर सरळ भिंतीवरून मजेत येतो आणि कोपऱ्यात एकदम सहापट जाड थर समोर. शिवाय तिथे तो दोन्ही बाजूंनी धातूत अडकलेला. किंचाळल्यासारखा आवाज येतो, कोपऱ्यात लाटा उमटतात, याला 'चॅटर' म्हणतात. कधी कटर तुटतोही. उपाय सोपा आहे. फिनिशिंगच्या आधी लहान कटरने फक्त कोपरे खरवडून घ्यायचे. गवंड्याने नीरूच्या आधी गिलाव्याचा फुगवटा तासून घ्यावा, तसं.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगला, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या जॉबला, 'फार पातळ घेऊ नका' हा नियम आणखी कडक लागतो, तोही उलट्या टोकाने, म्हणजे पहिल्याच फेरीला. कास्टिंगची वरची कातडी कडक असते आणि तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात. तिथे पहिलाच घास कातडीच्या खाली गेला पाहिजे. घाबरत घाबरत अर्धा मिलिमीटर घ्याल तर कटर सगळा वेळ वाळूतच घासत राहतो.

धातूच्या पोटात काय असतं

हे मी शिकाऊ असताना स्वतःच्या हाताने शिकलो. ॲल्युमिनिअमची 300 मिलिमीटर लांब, 15 जाड पट्टी. एका बाजूने खणून तळ 3 मिलिमीटरचा ठेवायचा. मी वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, दणकून आवळली, रफिंग केलं, लगेच फिनिशिंग केलं. वाइसमध्येच तिच्यावरून डायल, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारं सुईचं घड्याळ, फिरवला. सुई जागची हलली नाही. खूश होऊन वाइस सैल केला तर 'टक्' असा आवाज झाला. पट्टी सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अगदी सपाट फरशीवर, ठेवली तर मधे उजेड दिसत होता. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांमधलं, 0.4 मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं. भाजलेला पापड कडेने उचलतो तशी ती वाकली होती.

फोरमन म्हणाले, "तू तिला पकडून सरळ ठेवली होतीस. ती सरळ नव्हतीच."

झालं असं होतं. या मिश्रधातूला ताकद यावी म्हणून कारखान्यात तो तापवून एकदम पाण्यात विझवतात. बाहेरचा भाग आधी गार होतो, आतला मागाहून. त्यामुळे बाहेरची कातडी दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली, असा पट्टीच्या पोटात कायमचा तणाव बसतो. दोघे एकमेकांना सांभाळून असतात तोवर पट्टी सरळ दिसते. आपण एका बाजूची कातडी खणून काढली की रस्सीखेचीतला एक संघ नाहीसा, आणि पट्टी दुसरीकडे ओढली जाते.

म्हणून अशा जॉबला आधी सगळीकडे अर्धा मिलिमीटर ठेवून रफिंग करायचं. मग जॉब सोडायचा. वाकायचं ते वाकू द्यायचं. नंतर खाली पातळ पत्री सारून, हलक्या हाताने पकडून फिनिशिंग करायचं. रफिंग आणि फिनिशिंग वेगवेगळं असण्याचं हे माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम कारण आहे, आणि रीलमध्ये ते कधीच दिसत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काहीच घडत नाही. जॉब नुसता टेबलावर पडलेला असतो.

माल विकत घेतानाही हे टाळता येतं. 6061-टी6 या जातीच्या ॲल्युमिनिअमऐवजी 6061-टी651 मागितला तर तो विझवल्यावर दीड ते तीन टक्के ताणून पोटातला तणाव बराचसा मोडलेला असतो. ते '51' दुकानदाराला विचारायला मी हल्ली विसरत नाही.

तापमानाचंही असंच. ॲल्युमिनिअम दर मीटरला, दर अंशाला 23 मायक्रॉन वाढतं. आपली 200 मिलिमीटरची वीट रफिंगने 15 अंश तापली तर ती 69 मायक्रॉन, म्हणजे एका केसाएवढी लांब झालेली असते. त्याच तव्यावर फिनिशिंग उरकलं की संध्याकाळी माप आकसलेलं. मोजमापाचं जगभरातलं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बसून ही ओळ वाचणाऱ्यांना हसू येईल, मलाही येतं.

फिनिशिंगला एवढा वेळ का?

सरळ भिंतीला फार लागत नाही. वेळ खातात ते वळणदार पृष्ठभाग. बाटलीचा मोल्ड, गाडीच्या दिव्याच्या काचेचा मोल्ड. तिथे अर्धगोल टोकाचा कटर शेजारी शेजारी रेघा मारत जातो, आणि दोन रेघांच्या मधे बारीक उंचवटा राहतो. शेतात नांगराच्या दोन तासांमधे वरंबा राहतो तसा.

6 मिलिमीटरचा कटर घ्या आणि 100 बाय 100 मिलिमीटरचा पृष्ठभाग, वेग मिनिटाला दीड मीटर. दोन रेघांत 0.4 मिलिमीटर अंतर ठेवलं तर वरंबा 6.7 मायक्रॉनचा आणि वेळ साधारण 17 मिनिटं. अंतर 0.2 केलं तर वरंबा 1.7 वर येतो, वेळ 33 मिनिटं. 0.1 केलं तर 0.4 मायक्रॉन आणि वेळ 67 मिनिटं. अंतर निम्मं केलं की वरंबा चौथाईवर, वेळ दुप्पट. शेवटच्या पायरीवर दुप्पट वेळ देऊन मिळालं काय, तर सव्वा मायक्रॉन. तिथे कुठेतरी थांबून बाकीचं पॉलिश करणाऱ्याच्या हातात देणंच शहाणपणाचं असतं.

ही वरंब्यांची कटकट सीएनसीपेक्षाही जुनी आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होते. पात्याच्या वळणाचे बिंदू त्यांनी आयबीएमच्या पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून हिशोब करणाऱ्या, यंत्रावर काढले. एकेका बिंदूवर कटर न्यायचा आणि मधले उंचवटे हाताने कानशीने घासायचे. बिंदू जितके जास्त, तितकं घासणं कमी. यातूनच आकड्यांनी मशीन चालवण्याची कल्पना पुढे गेली आणि 1952 मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठाने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं.

आता सॉफ्टवेअर सगळं करतं ना?

बरंच करतं. रफिंगचा तर चेहराच बदललाय. पूर्वी रफिंग म्हणजे रुंद आणि उथळ घास. आता कटरच्या व्यासाच्या दहाव्या भागाइतका अरुंद, पण खड्ड्याच्या पूर्ण खोलीचा घास घेत, गोल गोल वळणं घेत कटर जातो. घास अरुंद असला की प्रत्येक दात काढतो तो बुरादा ठरवलेल्यापेक्षा पातळ निघतो, ठरवलेल्या जाडीच्या साधारण साठ टक्केच. म्हणून वेग दीडपटीहून जास्त वाढवता येतो. कटरची फक्त टोकाची नाही तर पूर्ण धार झिजते आणि जोर सगळा वेळ सारखा राहतो. रीलमध्ये जे लोण्यासारखं दिसतं ते बहुतेक हेच असतं.

पण पट्टीच्या पोटात किती तणाव आहे, वाइस किती आवळलाय, कटर काल कोणी वापरला, हे सॉफ्टवेअरला कोणी सांगत नाही. किती ठेवायचं तो रकाना अजून माणूसच भरतो.

आणि पैसे?

सगळीकडे फिनिशिंग लागतच नाही. जुन्या ड्रॉइंगवर गुळगुळीतपणासाठी त्रिकोण काढायचे. एक त्रिकोण म्हणजे खडबडीत चालेल, तीन म्हणजे गुळगुळीत हवं. आता खडबडीतपणाचा आकडा मायक्रॉनमध्ये देतात, जितका लहान तितकं गुळगुळीत. 3.2 म्हणजे बोटाला खुणा जाणवतील, 0.8 म्हणजे नखालाही फारशा लागणार नाहीत. अडचण अशी की ड्रॉइंग काढणारा पुष्कळदा कोपऱ्यात एकदाच '0.8 सर्वत्र' लिहून मोकळा होतो.

काकांचा भाचा चकलीच्या मशीनचे सुटे भाग बनवून घेतो, हे मला परवाच कळलं. त्याचं ड्रॉइंग त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं, दर बघायला. कोपऱ्यात तेच, '0.8 सर्वत्र'. मी विचारलं, "काका, पीठ कुठल्या बाजूला लागतं?" त्यांनी भाच्याला विचारून सांगितलं, फक्त आतल्या नळीला. मग बाहेरच्या पाचही बाजू 3.2 वर आणल्या आणि तळाला तर रफिंगच्याच रेघा ठेवल्या. नवा दर बघून काकांचा फोन आला.

"म्हणजे आधी तू जास्तच लावत होतास की!"